घर झालं, आता पडदे! वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला आणि निम्म्याहून जास्त पत्रं पडद्यांचीच निघाली. घराचे हप्ते सुरू झालेत, रंग झालाय, पंखे-दिवे लागलेत, आणि शेवटी उरलेल्या पैशात सगळ्या खिडक्या झाकायच्यात, हे बहुतेकांचं सारखंच. म्हणून हा अख्खा अंक पडद्यांना देऊन टाकलाय. बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न: ताई, नुकतेच नव्या घरात आलोय. चार खिडक्या, बाल्कनीचा एक दरवाजा, शिवाय किचन नि बाथरूम. दुकानदाराने सगळ्याचं मिळून जे एस्टिमेट दिलंय ते बघून हे म्हणाले, राहू दे, उघडंच राहू. कुठे काटछाट करू?

उत्तर: आधी ते सगळ्याचं मिळून केलेलं एस्टिमेट बाजूला ठेवा. दुकानदार एकगठ्ठा आकडा सांगतो तेव्हा त्यात कापड, अस्तर, शिलाई, आयलेट (पडद्याच्या वरच्या गोल रिंगा), रॉड, तो धरणारे ब्रॅकेट आणि लावायची मजुरी असं सगळं एकत्र असतं आणि नेमकं काय महाग पडतंय ते आपल्याला कळतच नाही. प्रत्येक गोष्टीचा वेगळा भाव लिहून मागा, संकोच करू नका. खूपदा असं दिसतं की कापड ठीकठाक भावाचं असतं पण रॉडच्या दोन टोकांना लावायच्या त्या नक्षीदार नॉबमध्ये आणि शिलाईत पैसे चाललेले असतात.

दुसरं म्हणजे सगळ्या खिडक्या एकदम करायची काही गरज नाहीये. झोपायची खोली आणि ज्या खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी आहे ती, एवढ्या दोन आधी करा. हॉलचं थांबू द्या. नव्या घरात ऊन कुठून कधी येतं, वारा कुठून येतो, सोफा शेवटी कुठे जातो हे राहायला लागल्यावरच समजतं, आणि हॉलचा पडदा सोफ्याच्या आधी घेतला की मग सोफ्याचा रंग पडद्यावरून ठरवत बसायचं, म्हणजे उलटाच कारभार. तोवर जुनी चादर लावा, कोणी काही म्हणत नाही, म्हटलं तर म्हणू दे.

बाथरूमला पडदा नकोच, काचेला दुधी फिल्म चिकटवा, साबणाच्या पाण्याने काच ओली करून लावली की बुडबुडे राहात नाहीत. फक्त ती आरशासारखी चमकणारी, "आतून दिसतं बाहेरून नाही"वाली फिल्म घेऊ नका. ती उजेडाच्या हिशोबाने चालते, ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूने आरसा, त्यामुळे दिवसा ठीक पण रात्री आत दिवा लागला की बाहेरच्यांना सगळं दिसतं आणि आपल्याला आपलंच तोंड. जाळीच्या पातळ पडद्याचंही तेच आहे. पडदा घेण्याआधी रात्री घरात दिवा लावून एकाला त्या खिडकीत उभं करा, आणि दुसऱ्याने खाली जाऊन बघा काय दिसतं ते.

किचनमध्ये शेगडी खिडकीजवळ असेल तर लांब पडदा अजिबात लावू नका. वाऱ्याने उडून कुठे जाईल सांगता येत नाही. लावायचाच तर खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागापुरता छोटा पडदा आणि तोसुद्धा शेगडीपासून लांबच्या खिडकीला.

प्रश्न: बाल्कनीचा दरवाजा ४ फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे. टेलरने साडेसात मीटर कापड सांगितलं! एवढं लागतं का खरंच की मला बनवतोय?

उत्तर: बनवत नाहीये, पण काटकसरही करत नाहीये. आपण हिशोब करू, हा एकदा समजला की कुठल्याही दुकानात कोणी तुम्हाला काही सांगू शकणार नाही.

मोजायला स्टीलची टेप घ्या, शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते. दरवाजा ४८ इंच रुंद, रॉड दोन्ही बाजूंना ६-६ इंच बाहेर काढायचा, म्हणजे ६० इंचांचा रॉड. हे बाहेर काढणं फुकट नाही जात, पडदा उघडला की तो काचेवर न येता भिंतीवर सरकतो, उजेड पूर्ण आत येतो आणि दरवाजा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. उंचीचं म्हणाल तर रॉड चौकटीच्या ४ इंच वर धरू, म्हणजे जमिनीपासून ८८ इंच. आयलेटवाल्या पडद्याचा वरचा काठ रॉडच्या इंचभर वर राहतो आणि खाली फरशी पुसता यावी म्हणून इंचभर सोडायचं, दोन्ही एकमेकांत कटतात, तयार पडदा ८८ इंचांचा. वरची दुमड ४ इंच आणि खालची ६ इंच धरली तर कापायचा तुकडा ९८ इंचांचा.

आता रुंदी. पडदा रॉडइतकाच रुंद शिवला तर तो टांगलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. चुण्या पडायला रॉडच्या दीडपट ते दुप्पट कापड लागतं. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, बहुतेक ४८ किंवा ५४ इंच असतो. तुमच्या टेलरने तीन पन्हे धरलेत, म्हणजे ९८ गुणिले ३, झाले २९४ इंच, साडेसात मीटर. ५४ चे तीन पन्हे म्हणजे कडेच्या दुमडी जाऊनसुद्धा रॉडच्या अडीचपट कापड झालं, ते लग्नाच्या हॉलला शोभेल. दोनच पन्हे घ्या. १०८ इंचांतून दोन्ही पडद्यांच्या चारही उभ्या कडांची दीड-दीड इंच दुमड गेली की १०२ उरतात, ६० च्या रॉडला ते १.७ पट होतं, आयलेटला उत्तम. कापड लागतं १९६ इंच, म्हणजे ५ मीटर. अडीच मीटर कापड वाचलं आणि वर एक फायदा, दोन पन्ह्यांचे दोन सरळ पडदे होतात, मधे जोड द्यावा लागत नाही, त्यामुळे शिलाईपण कमी. पन्हा ४८ चा असेल तर दीडपट बसतं, तेही चालतं, फक्त मग कापड अगदी कडक नको.

मोठ्या फुलांचं कापड आवडत असेल तर जरा थांबा. दुकानात विचारा, डिझाईन किती इंचांनी परत येतं? समजा २४ इंचांनी येत असेल तर दोन्ही पडद्यांवरची फुलं एका रेषेत यायला दुसरा तुकडा ९८ वर कापून चालत नाही, तो १२० इंचांवरून सुरू करावा लागतो, मधले २२ इंच वाया. दोन पडद्यांत तेवढं खपून जाईल पण पाच खिडक्यांना मिळून बराच तुकडा उरतो आणि त्याच्या उशा तरी किती शिवणार. प्लेन कापड किंवा बारीक सगळीकडे पसरलेली नक्षी असली की हा प्रश्नच येत नाही.

जाळीचं, शिअर म्हणतात ते कापड कधीकधी खूप मोठ्या पन्ह्यात मिळतं, २८० ते ३०० सेंटीमीटर. ते आडवं वापरायचं, म्हणजे पन्हा होतो पडद्याची उंची आणि मीटर घ्यायचे फक्त रुंदीचे. एकही जोड येत नाही. टेलरला हे आधी सांगा नाहीतर तो सवयीने उभंच कापतो.

आणि तयार पडदे? मिळतात, साधारण ५, ७ आणि ९ फुटांचे. शिवण्यापेक्षा खूपदा स्वस्तच पडतात, मी तर म्हणेन पहिल्या फेरीत तेच घ्या. तुम्हाला ८८ इंच हवेत आणि ७ फुटी पडदा ८४ चा असतो, ४ इंच कमी. मग एक तर रॉड खाली, चौकटीला अगदी लागून घ्यायचा, किंवा ९ फुटी घेऊन खालून कापून दुमडायचा आणि उरलेल्या पट्टीचे पडदा बांधायचे पट्टे करायचे. पाकिटावर लिहिलेलं माप एका पडद्याचं आहे की जोडीचं तेवढं नीट वाचा, फसायला होतं ते तिथेच.

प्रश्न: नवऱ्याने हौसेने ड्रिल मशिन आणली, रॉड लावला, आणि आठवड्यात मुलाने पडदा ओढला तो ब्रॅकेट भोकातल्या प्लॅस्टिकच्या गिट्टीसकट बाहेर! भिंतीला आता अंगठा जाईल एवढं भोक आहे. सुतार बोलवावा का?

उत्तर: सुताराची वेळ आलेली नाहीये, पण हौसेला जरा वळण लावू.

पडद्याचं वजन फार नसतं. ५४ बाय ८४ इंचांचा मध्यम जाडीचा एक पडदा, कापड २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) धरलं तर अर्ध्या किलोच्या थोडा वर भरतो. उजेड अडवणारा जाड ब्लॅकआउट असला तरी किलोच्या आतबाहेर. भिंतीतून ब्रॅकेट निघतो तो वजनाने नाही, ओढण्याच्या झटक्याने निघतो, आणि निघतो कारण गिट्टी घट्ट बसलेली नसते. ६ एमएमच्या गिट्टीला ६ एमएमचाच बिट लागतो, ड्रिल मारताना मशिन हलवली की भोक मोठं होतं आणि गिट्टी आत फिरत राहते. शिवाय वरचं प्लॅस्टर धरायचं काम करत नाही, ते भुसभुशीत असतं, त्याच्या मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये गिट्टी गेली पाहिजे, म्हणून स्क्रूसुद्धा लांब हवा, ब्रॅकेटसोबत पुडीत येतात ते टिचभर स्क्रू टाकूनच द्या. भोक पाडून झालं की आतली भुकटी फुंकून किंवा पंपाने काढा (डोळे मिटून फुंका), भुकटीत गिट्टी धरत नाही.

खिडकीच्या बरोबर वर काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे भिंतीतली आडवी तुळई, असतं. तिथे साधी ड्रिल मशिन नुसती फिरत बसते, बिट लाल होतो आणि माणूसही. हॅमर ड्रिल आणि काँक्रीटचा बिट घ्या, मशिन विकत घेऊ नका, भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून आणा, वर्षातून एकदा लागणारी वस्तू आहे ती.

आता तुमच्या त्या भोकाचं. थोडंच मोठं झालं असेल तर ८ एमएमची गिट्टी नि तसाच जाड स्क्रू. अंगठा जात असेल तर त्याच भोकाच्या मागे लागू नका. लाकडाची एक पट्टी घ्या, ३ इंच रुंद आणि पाऊण ते एक इंच जाड, रॉडपेक्षा थोडी लांब. ती भिंतीला पाच-सहा ठिकाणी जिथे भिंत चांगली आहे तिथे स्क्रूने बसवा, भिंतीच्या रंगाचा हात मारा आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर लावा. भोक पट्टीमागे झाकलं गेलं, ओढ एका जागी न येता सगळ्या पट्टीवर वाटली गेली, आणि पुढे कधी ब्रॅकेट इंचभर सरकवायचा झाला तर भिंत फोडायला नको. भिंत मुळातच भुगाभुगा होत असेल तर पहिल्यापासूनच अशी पट्टी लावावी, जुन्या घरांत मी तर दुसरं काही सुचवतच नाही.

रॉड ५ फुटांपेक्षा लांब असेल तर मधे तिसरा ब्रॅकेट हवाच, नाहीतर रॉडला झोळ येतो. तिथे पडदा अडकतो, मग माणूस झटका देतो, आणि मग परत हेच पत्र लिहावं लागतं. एकात एक सरकणारा रॉड असेल तर तो जोडावर आधी वाकतो, मधला ब्रॅकेट त्या जोडाजवळच द्या. फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डला रॉड टांगू नका, आत प्लायवूड किंवा लाकूड ठोकलेलं असेल तिथेच. आणि भोक पाडण्याआधी वर-खाली बघा, एसीचा पॉइंट, दिव्याचा पॉइंट, स्विचबोर्ड यांच्या सरळ रेषेत वायर गेलेली असते. तिथे मारायची वेळ आलीच तर मेन स्विच बंद करून वायर कुठून गेलीय ते आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

पैसे वाचवायचेत म्हणून हलका, पत्र्याचा रॉड घेतात लोक आणि कापड भारी घेतात. मला हे उलटं हवं वाटतं. कापड चार-पाच वर्षांत विटतं, कंटाळा येतो, बदलतो आपण, रॉड तसाच राहतो. २५ एमएमचा, हाताने वाकत नाही असा साधा पाइप आणि लोखंडी ब्रॅकेट घ्या, नॉब साधे घ्या. हार्डवेअरच्या दुकानात कपाटात हँगर टांगायचा स्टीलचा पाइप मिळतो तोही चालतो, पाहिजे तेवढा कापून देतात.

प्रश्न: ताई, मी शिकायला बाहेर राहते, भाड्याच्या खोलीत. घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. चिकटणारे हुक चालतील?

उत्तर: टाइल्सवर किंवा ऑइल पेंटवर चालतील गं, पण डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीवर हात फिरवून बघ, हाताला पांढरं लागलं तर हुक रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येणार. त्यापेक्षा स्प्रिंगचा रॉड घे, जो फिरवून लांब होतो आणि खिडकीच्या दोन्ही आतल्या भिंतींमध्ये दाबून बसतो. फक्त पातळ पडदा लाव आणि खिडकी ४ फुटांच्या आतली असू दे. ग्रिल आतल्या बाजूला असेल तर मग काहीच नको, ग्रिललाच नाड्या बांधून पडदा लाव, मालकांना काय हरकत असणार.

प्रश्न: आमची बेडरूम पश्चिमेची, दुपारी ३ नंतर भट्टी होते. ब्लॅकआउट पडदे लावले तर थंड राहील का?

उत्तर: काळोख होईल, थंड थोडंच होईल. ऊन काचेतून आत आल्यावर मग पडद्याला लागतं, म्हणजे उष्णता घरात आलेलीच असते. काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकट असेल तर त्यातलं काही ऊन परत बाहेर फेकलं जातं, म्हणून अस्तर पांढरंच घ्या, आतला रंग तुमच्या आवडीचा. पडदा ऊन यायच्या आधी ओढा, खोली तापल्यावर ओढून काय फायदा. खरा फरक बाहेरून सावली केली तर पडतो, बाल्कनी असेल तर तिच्या बाहेरच्या कडेला बांबूच्या काड्यांची चिक सोडा, ती कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त काम करेल.

ब्लॅकआउट म्हणून विकतात ते सगळं ब्लॅकआउट नसतं. दुकानातच फोनचा टॉर्च कापडामागे धरून बघा. मागे रबरासारखा लेप असलेलं घेतलं तर तो लेप गरम इस्त्रीने खराब होतो, घडी करून वर्षभर कपाटात ठेवलं की घडीवर तडकतो. तीन पदरी विणलेलं मिळालं तर ते बरं. आणि आहेत ते पडदे चांगले असतील तर नवे घेऊच नका, मागे अस्तर जोडून घ्या, कमी पैशात काम होतं आणि उन्हाने विटायचं ते अस्तर विटतं, पुढचं कापड टिकतं. सिल्कचा पडदा असेल तर अस्तराशिवाय पश्चिमेला लावू नका, ऊन त्याचा धागाच खातं. बाजूंनी फटीतून येणारा उजेड नको असेल तर रॉड दोन्हीकडे ८-१० इंच बाहेर काढा आणि शेवटची रिंग ब्रॅकेटच्या पलीकडे ठेवा.

प्रश्न: चादरींचे पडदे शिवले तर? सासूबाई म्हणतात घर गरिबासारखं दिसेल.

उत्तर: सासूबाईंना आधी सांगू नका, लावल्यावर विचारा कसे दिसतायत.

९० बाय १०८ इंचांची डबलबेडची चादर घ्या. १०८ ची बाजू मधोमध कापली की ५४ इंची दोन पडदे, ९० ही उंची. वर-खाली मिळून ६ इंच दुमडीत गेले तरी बरोबर ८४, म्हणजे ७ फुटी जोडी तयार. बाहेरच्या कडांना कंपनीची शिलाई आहेच, ती उसवायची नाही, मधे कापलेली कड तेवढी दुमडून शिवायची. नक्षी मात्र बघून घ्या, चादर अशी आडवी वापरली की उभी फुलं आडवी झोपतात, म्हणून प्लेन किंवा कुठल्याही बाजूने सारखी दिसणारी नक्षी. कॉटन आटतं, त्यामुळे कापण्याआधी एकदा गरम पाण्यातून काढून वाळवा.

वरती नेफा शिवला तर सगळ्यात स्वस्त, पण नेफ्याचा पडदा रॉडवर सरकत नाही, रोज उघडझाक असेल तर आयलेट घ्या. हाताने दाबून बसणारे प्लॅस्टिकचे आयलेट मिळतात, आधी वरच्या दुमडीत कडक कॅनव्हासची पट्टी घाला नाहीतर कापड दोन रिंगांमध्ये लोंबतं. आतल्या रिंगभोवती पेन्सिलने गोल काढा, त्याच्यापेक्षा किंचित मोठं कापा, दोन्ही भाग दोन बाजूंनी दाबा, टक असा आवाज आला की बसलं. साधारण ६-७ इंचांवर एक, म्हणजे ५४ च्या पडद्याला ८. आकडा समच पाहिजे, ८ किंवा १०, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. ७ किंवा ९ घातले की एक कड तोंड वर करून खोलीत बघत राहते आणि मग सगळ्यांना वाटतं शिलाईत चूक झालीय. रिंगच्या आतलं माप रॉडपेक्षा मोठं आहे ना तेही रॉड सोबत नेऊन बघा.

चादर पातळ असते, रात्री सावल्या दिसतात. मागे दुसरी जुनी फिकट चादर अस्तर म्हणून जोडा.

प्रश्न: पडद्यांऐवजी दोरीचे ब्लाइंड स्वस्त मिळतायत. घरात दीड वर्षाची मुलगी आहे.

उत्तर: मग दोरीचे नकोतच. लटकणाऱ्या दोरीचा फास लहान मुलांच्या गळ्याला बसून जीव गेल्याच्या घटना जगभर घडल्यात, आणि ते अगदी गुपचूप होतं, आवाज येत नाही. बिनदोरीचे मिळतात ते घ्या किंवा साधा पडदा. आधीच लावलेले असतील तर दोरी भिंतीवर ५ फुटांच्या वर हुक मारून त्याला गुंडाळून ठेवा आणि मुलीचा पाळणा, पलंग, खुर्ची काहीही त्या खिडकीखाली ठेवू नका.

प्रश्न: नवे पडदे पहिल्या धुण्यात आटले, आता जमिनीपासून ४ इंच वर आलेत. फेकू का?

उत्तर: फेकताय कशाला! खालची दुमड उसवा, ६ इंची असेल तर बहुतेक तिथेच काम होतं. तेवढ्याने पुरलं नाही तर खाली दुसऱ्या गडद रंगाची ८-९ इंचांची पट्टी जोडा, सगळ्या पडद्यांना सारखी, म्हणजे मुद्दाम केलंय असं वाटतं. पट्टीचं कापड आधी धुऊन घ्या मात्र, नाहीतर ती वेगळी आटेल आणि शिवणीजवळ गोळा होईल.